वीस मीटरनंतर

एक ओळ बदलली असती तर सगुणा पाटणकरला काय काय मिळालं असतं, याची यादी तिच्या डोक्यात तयार होती, आणि यादी काही लहान नव्हती. गळ्यातलं पांढरं कार्ड जाऊन चार्ज नर्सचं निळं कार्ड आलं असतं. नाइट ड्यूट्या खलास. सकाळी सातची बस, दुपारी साडेतीनची परत, म्हणजे पंधरा वर्षांची मिहिका शाळेतून आल्यावर दार आईनं उघडलं असतं आणि "आय नो, देअर्स फूड इन द फ्रिज" हे वाक्य घरातून हद्दपार झालं असतं. वॉर्डाच्या कोपऱ्यातली काचेची खोली मिळाली असती आणि तिच्यातलं एक कपाट, ज्याची किल्ली दुसऱ्या कोणाकडेच नाही. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या औषधांच्या किल्ल्या कमरेला बाळगलेल्या बाईला अशा कपाटाची काय ओढ असते, ते नवऱ्यांना समजावता येत नाही. शिवाय पाटणला फोन करून आईला सांगता आलं असतं, आणि आईनं शेजारीण परसात कुठं उभी आहे याचा अंदाज घेऊन "इन्चार्ज झाली म्हणतेस?" असं दोनदा विचारलं असतं. हे सगळं घ्यायच्या बाजूला. द्यायच्या बाजूला एकच गोष्ट: दगडू खरमाटेच्या केअर प्लॅनमध्ये 'अडतीस पायऱ्या' आहे तिथं 'वीस मीटर' करायचं. सौदा इतका स्वस्त होता की सगुणाला त्याचाच संशय आला.

केअर प्लॅन म्हणजे काय ते सगुणा नव्या मुलींना शिकवायची. हे दुबईतलं पुनर्वसनाचं हॉस्पिटल, इथं माणसं मोडून येतात आणि चालायला शिकून जातात. प्रत्येक पेशंटच्या प्रत्येक दुखण्यापुढं नर्सनं एक ध्येय लिहायचं. कोण करेल, काय करेल, किती करेल, कुठल्या तारखेपर्यंत करेल. चारही गोष्टी हव्यात. तारीख आली की ते मोजायचं आणि पुढं लिहायचं: साध्य किंवा असाध्य. मागल्या वर्षी एका पोरीनं 'रुग्ण आनंदी राहील' असं लिहिलं होतं, तेव्हा सगुणानं तिला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "कितना सेंटिमीटर?" पोरी आठवडाभर एकमेकींना तेच विचारत हसत होत्या. सगुणालाही ते आवडलं होतं. तिला मोजलेल्या गोष्टी आवडत. माणसं बोलतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात पळवाटा असतात. तीनशे मिलिलिटर लघवीत पळवाट नसते. निदान असं तिला वाटायचं, दोन वर्षांपूर्वीपर्यंत.

धक्का बसला तो दगडूच्या पत्त्यानं. जबल अलीच्या एका गोदामात रॅक कोसळून त्याची डावी मांडी मोडली, आत सळई घातली गेली आणि चौथ्या आठवड्यात तो सगुणाच्या वॉर्डात आला. जतकडचा माणूस, चाळीस-एक्केचाळीसचा, फोर्कलिफ्ट चालवायचा. फोर्कलिफ्टविषयी बोलताना त्याचा उजवा हात आपोआप दांडा पुढंमागं करायचा. दाखल करून घेताना सगुणा रकाने भरत होती: नाव, वय, रक्तगट, पत्ता. अल क्वोज, अमुक नंबरचा लेबर कॅम्प, दुसरा मजला, खोली दोनशे चौदा. तिची बोटं 'दोनशे'पर्यंत गेली आणि 'चौदा' त्यानं म्हणायच्या आत टाइप झालं. तिनं वर पाहिलं. दगडू म्हणाला, "तुमास्नी कसं ठावं?" ती म्हणाली, "अंदाज." सवयीनं हसलीही. पण एसीच्या गारव्यात तिच्या मानेवर घाम आला, आणि तो तिनं मोजला नाही.

दोनशे चौदा प्रल्हाद पेडणेकरची खोली होती. कुडाळचा, प्लंबर, पाठीच्या मणक्याला मार. दोन वर्षांपूर्वी सगुणानं त्याच्यासाठी ध्येय लिहिलं होतं: रुग्ण बुधवारपर्यंत वॉकरच्या मदतीनं सपाट जमिनीवर वीस मीटर चालेल. चांगलं ध्येय होतं, शिकवायला घ्यावं इतकं चांगलं. कोण, काय, किती, कधी, कशाला बोट ठेवायला जागा नाही. वीस मीटर म्हणजे नर्सिंग स्टेशनपासून पाण्याच्या कूलरपर्यंत. बुधवारी प्रल्हाद कूलरला हात लावून वळला आणि त्यानं क्रिकेटपटूसारखा वॉकर वर उचलला. सगुणानं टाळ्या वाजवल्या, 'साध्य' लिहिलं, आणि गुरुवारी कंपनीची गाडी येऊन त्याला घेऊन गेली. एकोणीस दिवसांनी तो परत आला तो दुसऱ्या वॉर्डात, मूत्रपिंडं निकामी होऊन. सगुणा भेटायला गेली तेव्हा हातात नळी, तोंडावर सूज, आणि तरी लाजल्यासारखा हसत होता. त्यांच्या मजल्यावरच्या संडासांची दुरुस्ती चालू होती, चार महिने. जायचं तर खाली. खाली जायचं तर खोलीतल्या मुलांना उचलायला सांगायचं. दिवसाला एकदा सांगता येतं, दोनदा सांगता येतं. "मग मी पाणीच पिणं सोडलं, सिस्टर. सकाळचा चहा तेवढा. मग जावंच लागत नाही." जुलै महिना होता. ती काहीतरी बोलायला गेली तर तोच तिला धीर दिल्यासारखा म्हणाला, "तुमचे वीस मीटर मी रोज चालायचो हां, खोटं नाही सांगत. पण वीस मीटरनंतर जिना सुरू होतो ना."

तो विमानात बसून गावाला गेला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. रोज सकाळी सगुणाच्या फोनवर त्याचं 'शुभ सकाळ' यायचं, कधी कमळ, कधी सूर्योदय, कधी कपातून वाफ निघणारा चहा, आणि तो चहा पाहून तिला दर वेळी कसंतरी व्हायचं. तिनं एकदाही उत्तर दिलं नाही. काय लिहायचं? मार्चमध्ये ती फुलं यायची थांबली. तेव्हाही तिनं विचारलं नाही. हिशेबात कच्ची असती तर निदान म्हणता आलं असतं की लक्षात नाही आलं. तिला दिवस माहीत होता. मार्चची अकरा तारीख, मंगळवार.

धनंजय, तिचा नवरा, दुबईत अठरा वर्षं राहूनही दुकानातल्या प्रत्येक पाटीवरच्या दिरहमचे मोठ्यानं रुपये करतो आणि मग ती वस्तू जागेवर ठेवतो. दगडू दाखल झाला त्या आठवड्याच्या शनिवारी गाडीचा एसी दुरुस्त करायला दोघं अल क्वोजला गेली. मेकॅनिक म्हणाला, एक तास, इन्शाल्ला. म्हणजे तीन. सगुणा म्हणाली, "जरा जाऊन येते." "या उन्हात? कुठं?" "एक मोजायचंय." धनंजयनं असे नाद पूर्वी पाहिले होते, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं त्याच्या आईच्या गोळ्या मोजल्या होत्या. तो छत्री घेऊन मागोमाग आला. कॅम्प दोन गल्ल्या पलीकडं निघाला. बाहेरून लोखंडी जिना, कठडा एकाच बाजूला, वाळत घातलेल्या चादरींच्या ओळी. फाटकावरच्या पहारेकऱ्याला तिनं सांगितलं, हॉस्पिटलवाली सिस्टर आहे, पेशंटचं काम आहे. तो बाजूला झाला. इथं कोणी बाई जिना चढत नाही, त्यामुळं बाईला अडवायचं कसं हे त्याला माहीत नव्हतं. पहिल्या मजल्यापर्यंत एकोणीस, दुसऱ्यापर्यंत एकोणीस. अडतीस. कठडा हाताला पोळत होता. मजल्याच्या टोकाला संडासांवर 'दुरुस्ती चालू' ही पाटी अजून होती. दोनशे चौदाचं दार उघडं होतं, आत कोणीतरी पालथं झोपलेलं होतं, आणि दाराशी एक वॉकर उलटा टांगून त्यावर टॉवेल वाळत घातले होते. तो वॉकर तिनं ओळखला. हॉस्पिटलचा स्टिकर अजून होता. ती उतरताना कठडा धरून उतरली आणि खालच्या पायरीवर पोचल्यावर धनंजयनं छत्री तिच्या डोक्यावर धरली. गाडीत बसल्यावर म्हणाला, "किती?" "अडतीस." त्यानं दुरुस्त झालेला एसी चालू करून पाहिला. रुपये करता येईनात बहुधा.

म्हणून तिनं लिहिलं: रुग्ण सव्वीस तारखेपर्यंत, एका हातात कुबडी आणि एका हातानं कठडा धरून, अडतीस पायऱ्या चढेल आणि उतरेल, मध्ये फक्त एकदा थांबून. लिहायच्या आधी दगडूला विचारलं. ध्येय पेशंटचं असतं, असं पुस्तकात आहे. तो म्हणाला, "अडतीस? बरुब्बर हायत. मी कंदी मोजल्या न्हाईत, पर हायत." हॉस्पिटलात सरावाचा जिना होता चार पायऱ्यांचा, लाकडी, एका बाजूनं चढून दुसरीकडं उतरायचा, लहान मुलांच्या घसरगुंडीसारखा. त्यावर दहादा चढून चाळीस होत नाहीत. ते शेवटी दहादा चारच असतात. मग फिजिओथेरपीवाला नोमान, लाहोरचा, सगुणाला बाजी, म्हणजे थोरली बहीण, म्हणणारा, यानं फायर एक्झिटच्या जिन्याची परवानगी काढली. कोणाकडून काढली ते तिनं विचारलं नाही. त्या जिन्याला मजल्याला बावीस पायऱ्या. म्हणजे एक मजला आणि वर सोळा. सोळाव्या पायरीवर नोमाननं पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. "बाजी, ये रहा आपका कमरा नंबर दो सौ चौदह."

नौशीन आली मंगळवारी. नौशीन हैदराबादची, क्वालिटी विभागाची. गुरुवारी बाहेरची तपासणी मंडळी यायची होती आणि सगळ्या वॉर्डांत मिळून हाच वॉर्ड शहाण्णव टक्क्यांवर होता. शंभरातली शहाण्णव ध्येयं साध्य. हा आकडा नौशीननं स्वतःच्या पोराच्या मार्कांसारखा जपला होता, आणि तिला नावं ठेवण्यात अर्थ नव्हता, कारण तिची नोकरी त्या पोरावरच उभी होती. तिच्या टॅबवर दगडूच्या ओळीपुढं लाल टिंब होतं. "सिस्टर, ये क्या लिख के रखे आप? गोल अचीव्हेबल होना नहीं क्या?"

"मेझरेबल भी होना था," सगुणा म्हणाली. "गिन के आई हूँ."

"गिन के आई? कहाँ से?"

"उसके घर से."

नौशीननं टॅब छातीशी धरला. "देखो, मेरे को आपसे मोहब्बत है, इसलिए बोल रही हूँ. बीस मीटर लिखो. वो तो आज भी चल रा है कॉरिडॉर में, मैं खुद देखी. साध्य, ग्रीन, खलास. चार्ज नर्स का नाम भी गुरुवार के बाद ही जाना है ऊपर." आणि आवाज खाली आणून, "श्रिया का भी नाम है लिस्ट में. उसके सब ग्रीन हैं."

श्रियाचे सगळे ग्रीन असणारच, सगुणाच्या मनात आलं, तिला मीच शिकवलंय. 'कितना सेंटिमीटर' म्हणून हसणाऱ्या पोरींत तीच पुढं होती. जे नक्की होणार तेच ध्येय म्हणून लिहायचं. सूर्य उगवेल, रुग्ण ताट ओढून घेईल. आणि मग तिला पाटणच्या अंगणवाडीतला काटा आठवला, आढ्याच्या हुकाला टांगलेला, खाली कापडाची झोळी. झोळीत पोर घालायचं आणि काटा थरथरायचा थांबेपर्यंत दोरी धरायची हे काम नऊ वर्षांच्या सगुणाचं, कारण अंगणवाडी आईची. एका मुलीचं वजन भरलं नऊ किलो. आईनं लिहिलं साडेदहा. तालुक्याच्या बाई दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या आणि कुपोषित मूल असलं की त्या आईलाच झापायच्या. "आई, नऊ आहे," सगुणा म्हणाली. आई वहीतून मान न काढता म्हणाली, "पेनाला काय वजन कळतंय?" कागदावर ती पोर धडधाकट झाली आणि जादा खाऊच्या यादीतून तिचं नाव गेलं. आई वाईट बाई नव्हती. त्या पोरीला ती पुढं महिनाभर स्वतःच्या डब्यातलं द्यायची, लपवून, जणू चोरी करतेय. सगुणाला लहानपणी ते फार प्रेमळ वाटायचं. आत्ता टॅबच्या लाल टिंबासमोर उभं राहून पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं, की आईनं खरं वजन लिहिलं असतं तर तो डबा अख्खा आईनं खाल्ला असता, आणि पोरीला सरकारचा मिळाला असता.

"नहीं बदलूंगी," ती म्हणाली.

"चार बजे तक सोच लो, यल्ला, जल्दी."

चार वाजता लाल टिंब तिथंच होतं. गुरुवारी तपासणी मंडळी आली, त्यांतल्या एका उंच बाईनं ती ओळ दोनदा वाचली, पुढं गेली, आणि नौशीनचं जेवण तिच्या डब्यात तसंच राहिलं. सगुणाला वाईट वाटलं, पण वाईट वाटणं मोजता येत नाही, असं तिनंच शिकवलं होतं.

सव्वीस तारखेला दुपारी दोन वाजता फायर एक्झिटच्या जिन्यात सगुणा, नोमान आणि दगडू. नोमान मागं, दगडूच्या कमरेचा पट्टा धरून. सगुणा एक पायरी पुढं, पाठमोरी चढत, मोजत. मराठीत मोजत होती. दगडूही ओठांत तेच आकडे म्हणत होता. अकराला वळण. बावीसला पहिला मजला. तिथं तो थांबला, एकदाच थांबायची मुभा होती ती वापरली. तेवीस. चोवीस. त्याच्या कपाळावरचा घाम भुवईत थांबत होता आणि मग एकदम डोळ्यात जात होता. एकोणतीसला कुबडीचा रबर घासून आवाज झाला. तीस. एकतीस. एकतिसाव्या पायरीवर दगडू खाली बसला. पडला नाही, बसला, बाजारात दमलेला माणूस ओट्यावर बसतो तसा. सात पायऱ्या वर चिकटपट्टीचा तुकडा दिसत होता.

नोमाननं पट्टा ढिला केला. मग दगडू बोलला. "ताई, लिवा की अडतीस."

"एकतीस झाल्या."

"तुमी, मी आन् हे नोमानभाई. चौथं कोन हाय हितं?" तो हसायला बघत होता. "फोर्कलिफ्टवर नेपाळी पोरगं बसवलंय. सोमवारपतुर आलो न्हाई तर त्येलाच ठेवतो म्हनला मुकादम. सात पायऱ्यांचं काय यवडं? पोरं धरत्यात की मला."

"दिवसाला किती वेळा धरतील?"

"लागंल तवा."

"पाणी किती पिशील?"

त्याला प्रश्न कळला नव्हता, आणि तरी कुठंतरी कळला होता, कारण त्यानं मान फिरवली आणि भिंतीकडं बघत म्हणाला, "तुमचं काय जातंय ताई? माजी मशीन जातीया." आवाजात राग होता, खरा. सगुणा त्याच्या शेजारी पायरीवर बसली. आत काहीतरी तिला सांगत होतं की हा म्हणतोय ते लिही, ध्येय पेशंटचं असतं, तुझ्याच पुस्तकात आहे. मशीन त्याची, मांडी त्याची, तू कोण? आणि त्याच आवाजात कुडाळचा माणूस लाजल्यासारखा हसत होता. प्रल्हादलाही घाई होती, तिला आठवलं. त्यानंही वॉकर वर उचलला होता. आपण टाळ्या वाजवल्या होत्या.

"माझं काय जातंय ते मी मोजलंय," ती म्हणाली. "तुझं जातंय तेही मोजलंय. पण पायऱ्या एकतीस झाल्यात, दगडू, आणि मी एकतीसच लिहिणार."

स्टेशनवर येऊन तिनं लिहिलं: एकतीस पायऱ्या चढला, एकदा थांबून. खोलीपर्यंत अडतीस. सात कमी. असाध्य. नवी तारीख, नऊ दिवसांनी. वाक्य इतकं सरळ होतं की मुक्कामाचं बिल भरणाऱ्या विमा कंपनीच्या माणसाला फोनवर हरकत घ्यायला जागाच सापडेना. वीस मीटर चालतो म्हणजे बरा झाला, असं तो म्हणू शकला असता. सात पायऱ्या कमी पडणाऱ्याला दुसऱ्या मजल्यावर पाठवा, असं नाव-गावासकट म्हणायची त्याची छाती झाली नाही. हॉस्पिटलात आणखी नऊ दिवस मंजूर झाले. लाल टिंबाखाली दुसरं लाल टिंब बसलं.

मग तिनं, शिफ्ट संपायला वीस मिनिटं असताना, एक जुनी फाइल उघडली. बंद झालेल्या केअर प्लॅनमध्ये खाडाखोड करता येत नाही. पण नियमात एक वाट आहे: उशिरा केलेली नोंद. आधीचं तसंच राहतं, त्याच्याखाली नवी ओळ येते, लिहिणाऱ्याचं नाव आणि वेळ आपोआप पडते, आणि ती ओळ क्वालिटी विभागाला, नर्सिंगच्या डायरेक्टरला, सगळ्यांना दिसते. कारण विचारणारी चौकट समोर आली. तिनं लिहिलं: राहून गेलं होतं. मग 'वीस मीटर, साध्य' याच्याखाली लिहिलं: रुग्णाच्या खोलीपर्यंत अडतीस पायऱ्या होत्या. ध्येय लिहिताना मी त्या मोजल्या नाहीत. एकोणीस दिवसांनी रुग्ण मूत्रपिंडं निकामी होऊन परत दाखल.

नौशीन दहा मिनिटांत धावत आली, चपला वाजवत. "पागल हो गए क्या सिस्टर? कोई पूछा था आपको? दो साल हो गए! अपने हाथ से अपने ऊपर लिखता कोई?"

"मेझरेबल है," सगुणा म्हणाली, आणि बॅग खांद्याला लावली. "तारीख भी है."

हिशेब लागला तो असा. वॉर्डाचे शहाण्णवचे चौऱ्याण्णव झाले आणि ते दोन नौशीननं भरले, वार्षिक शेऱ्यात. पण महिन्याभरानं पेशंट दाखल करून घ्यायच्या फॉर्मवर एक नवा रकाना आला, 'घरी पायऱ्या किती', आणि तो कोणी घातला हे नौशीननं कोणाला सांगितलं नाही. निळं कार्ड श्रियाला गेलं. पहिल्या दिवशी तिनं सगुणाला काचेच्या खोलीत बोलवून चहा दिला आणि बसा म्हणायला विसरली. सगुणाच्या वाट्याला लेखी ताकीद एक, आणि महिन्याला आठ नाइट्स होत्या त्याच्या दहा झाल्या. मिहिका अजून फ्रिज उघडते. मात्र हल्ली निघताना विचारते, "सो हाऊ मेनी स्टेप्स टुडे, आई?" आणि त्यात थट्टा किती नि काय किती हे सगुणाला अजून मोजता आलेलं नाही. दगडूची मशीन त्या नेपाळी पोराकडं गेली. आता त्याला गोदामात स्टुलावर बसवून खोक्यांना लेबलं लावायला देतात, आणि याबद्दल त्यानं सगुणाला माफ केलेलं नाही. नवव्या दिवशी तो अडतिसावी पायरी चढला, चिकटपट्टीवर कुबडी आपटली, उतरला, आणि "येतो" एवढंच म्हणून गाडीत बसला. पाणी पितो की नाही हे नोमान फोन करून विचारतो. पितो.

आणि प्रल्हाद पेडणेकर. त्यानं सगळ्यांच्या आधी भरलं होतं, सगळ्यांपेक्षा जास्त, आणि तेव्हा त्याला कोणी पावतीसुद्धा दिली नव्हती. ती दिली गेली सव्वीस तारखेला, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, सगुणा पाटणकर या नावानं.